वरच्या खोलीतलं बोलणं

हिराकाकी पहिल्यांदा माझ्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात सांडगे घालायला वाटलेल्या डाळीची परात होती.

"गच्चीवर चालले होते," त्या म्हणाल्या. "जिन्यानं दम लागला. जरा टेकू का?"

मी खुर्ची पुढे केली. त्यांनी परात माझ्या टेबलावर ठेवली, पदरानं कपाळ पुसलं आणि खोलीभर नजर फिरवली. दोन खुर्च्या, एक स्टूल, एक टेबल, कुलपाचं लोखंडी कपाट आणि खिडकीत कोरफडीची कुंडी. बघण्यासारखं फार काही नव्हतं.

"तुम्ही इथं नेमकं काय करता? चार महिने झाले, म्हटलं एकदा विचारावं."

"लोकांचं ऐकते."

"ऐकता. आणि मग?"

"मग बऱ्याचदा त्यांचं त्यांनाच पुढचं दिसायला लागतं. नाही दिसलं तर पुन्हा ऐकते."

त्या हसल्या. "सोपं काम आहे म्हणायचं," म्हणत उठल्या, परात उचलायला वाकल्या आणि तशाच वाकून, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मला झोप येईना झालीय बाई. श्रावणापासून."

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. आम्ही तेव्हा नुकतेच विट्याला आलो होतो. माझे यजमान प्रमोद यांना इथल्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि मी पुण्यातल्या हॉस्पिटलमधली समुपदेशकाची नोकरी सोडून त्यांच्या मागोमाग आले. स्वतःचं काही सुरू करायची हौस होतीच. बाजारपेठेत निकम अण्णांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली पुढच्या बाजूला भांड्यांचं दुकान, मागच्या बाजूला अण्णा आणि हिराकाकी राहायचे. माझ्या दारावरून जिना पुढे गच्चीवर जायचा. दसऱ्याला मी पाटी लावली, 'संवाद समुपदेशन केंद्र', आणि वाट बघत बसले.

पहिल्या महिन्यात एकजण मुलीसाठी स्थळं आहेत का विचारायला आला. दुसऱ्यानं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागितली. एक आजोबा कानाचं मशीन दुरुस्त होईल का म्हणून आले, त्यांना 'संवाद' या शब्दावरून तसं वाटलं होतं. ज्यांना पाटीचा खरा अर्थ कळला ते तर आलेच नाहीत. बाजारपेठेतला जिना. त्याच्या समोर चहाचं हॉटेल, पानपट्टी आणि दिवसभर बसून असलेली दहा-बारा माणसं. त्यांच्यासमोरून माझा जिना चढणं म्हणजे डोकं ठिकाणावर नसल्याचं गावभर जाहीर करणं. माघापर्यंत माझ्याकडं मोजून चार माणसं आली, त्यातली तीन परगावची. प्रमोद काही बोलत नसत, पण पुण्यातल्या माझ्या जुन्या साहेबांचा 'परत या' म्हणून फोन आला की मुद्दाम उठून बाहेर जात.

हिराकाकींचं मात्र तसं नव्हतं. इमारत त्यांची, गच्ची त्यांची. त्या दिवसातून चार वेळा जिना चढल्या तरी कुणाच्या डोळ्यांवर यायचं कारण नव्हतं. पुढच्या मंगळवारी त्या पापडाचं पीठ घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी हळकुंडं. मंगळवारी भांड्यांचं दुकान बंद असायचं, जिन्याखाली शांत असायचं.

त्या काय बोलल्या ते मी इथं सगळं सांगणार नाही. जेवढं पुढं त्यांनी स्वतःच चारचौघांत सांगितलं किंवा मला सांगायची मोकळीक दिली तेवढंच सांगते. आमच्या भागातली माणसं गलाईचा धंदा करायला देशभर जातात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. अण्णा बावीस-तेवीस वर्षांचे असताना तामिळनाडूत सेलमला गेले आणि अडतीस वर्षं तिथंच भट्टीसमोर राहिले. वर्षाकाठी एकदा यात्रेला यायचे, पंधरा दिवस राहायचे. इकडं हिराकाकींनी सासू-सासऱ्यांचं केलं, शेत बघितलं, दोन मुलं वाढवली, ही इमारत उभी करून घेतली. मुलगा बंगळूरला, मुलगी कराडला दिलेली. आणि गेल्या श्रावणात अण्णा धंदा आवरून कायमचे घरी आले.

"लोक म्हणतात, हिराबाई, आता सुख लागलं तुम्हाला," काकी म्हणाल्या होत्या. "लागायला पाहिजे होतं खरं."

अण्णांनी आल्या आल्या धान्याची कोठी हलवली. मग पलंग. मग देवघर पूर्वेच्या भिंतीला नेलं. त्यांच्या सेलमच्या सवयीपायी आमटीत चिंच जास्त पडायला लागली. काकी पहाटे उठायच्या तर हे आधीच उठून चूल कुठं असावी याचा विचार करत उभे. इतकी वर्षं डोळे मिटून चालू शकत होत्या त्या घरात काकींना आता ठेचा लागायच्या.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांना रात्रीची झोप लागायला लागली. आणि मग त्यांनी मला न विचारता एक गोष्ट केली. शेजारच्या, ओळखीच्या, अडल्या-नडल्या बायकांना त्या सांगत सुटल्या, "माझी गच्ची मोठी आहे, ऊन चांगलं येतं, तुमचं वाळवण तिथं आणा." फाल्गुन लागला तसा जिना गजबजला. कुणी कुरडया, कुणी बटाट्याचा कीस, कुणी नुसतीच रिकामी चादर घेऊन. खरं वाळवण घालणाऱ्याही होत्याच. पण वर जाताना किंवा खाली उतरताना एखादी थांबायची आणि म्हणायची, "हिराकाकी म्हणाल्या, तुमच्याकडं जरा टेकलं तरी चालतं."

अशा नऊ जणी झाल्या. नवरे कलकत्त्याला, कोचीनला, कानपूरला. एकीचं दोन वर्षांचं मूल दगावलेलं, एकीला सासरा बोलू देत नव्हता, एकीला दार बंद केलं की श्वास कोंडायचा. बाहेरच्या खोलीत मी रेडिओ लावून ठेवायला लागले, म्हणजे आतलं बोलणं जिन्यापर्यंत जाऊ नये. वहीत नावं लिहिणं बंद केलं, आकडे लिहायला लागले. कपाटाची किल्ली गळ्यातल्या साखळीत. मला कळत होतं की या बायका माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवून येत नाहीयेत. आत बोललेलं बाहेर जात नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर त्या येतायत.

पाडव्यानंतरच्या एका सकाळी अण्णा वर आले. हातात घडी केलेला पेपर, अंगात पांढरा शर्ट, इस्त्रीचा. माणूस अतिशय सभ्य. कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. ते खुर्चीत बसले नाहीत.

"देवकरबाई, एक विचारायचं होतं. गच्चीवर एवढी वर्दळ कसली?"

"वाळवणाचे दिवस आहेत अण्णा."

"ते दिसतंय मला. रिकामी चादर वाळत घालून तासाभरानं रिकामीच खाली नेणाऱ्या बायकाही दिसल्या." त्यांनी गच्चीच्या जिन्याकडं बघितलं. "आमच्या घरातलं माणूस तुमच्याकडं येतं."

"कोण येतं, कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही."

"मी कुणीही आहे का? इमारत माझी. बायको माझी."

"उद्या तुम्ही आलात तर तेही मी कुणाला सांगणार नाही."

"मी कशाला येतोय," ते म्हणाले. पेपरची घडी त्यांनी उलगडली, पुन्हा घातली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाकी काही सांगू नका. एवढंच सांगा. माझ्याबद्दल ती वाईट बोलते का?"

मला उत्तर ठाऊक होतं. एका वाक्याचं उत्तर होतं ते, आणि ते ऐकून त्या माणसाच्या खांद्यावरचं केवढं तरी ओझं उतरलं असतं. ते खांदे मला समोर दिसत होते.

"नाही सांगता येणार अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, जणू काही त्यांना त्यांचं उत्तर मिळालंच. "बरं. अक्षय तृतीयेच्या आत खोल्या मोकळ्या करा. मी भांड्यांच्या दुकानदाराला गोदामाला देतो म्हणून शब्द दिलाय." हा शब्द त्यांनी दिलेला नव्हता हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्या दुपारी गच्चीच्या दाराला कुलूप लागलं.

घरी प्रमोदना सगळं नाही, पण खोल्या सोडायच्यात एवढं सांगितलं. का, हेही थोडं सांगावं लागलं.

"वाईट बोलत नसतील तर नाही म्हणून सांगायचं," ते म्हणाले. "त्यात कुणाचं काय बिघडत होतं?"

"समज, आज चांगलं असलं म्हणून सांगितलं, तर उद्या मी गप्प बसले की त्याचा अर्थ काय होईल? गप्प बसणं म्हणजे वाईट असं ठरून जाईल. मग माझं गप्प बसणंही सांगणंच झालं."

"हे तू त्यांना समजावून सांगायचं होतंस."

"ते उभे होते," मी म्हणाले. "उभ्या माणसाला समजावता येत नाही."

हिराकाकींना चौथ्या दिवशी कळलं. त्या आल्या तेव्हा हात रिकामे होते आणि समोरच्या हॉटेलात कोण बसलंय याच्याकडं त्यांनी बघितलंही नव्हतं.

"त्यांनी खोल्या सोडायला सांगितल्या?"

"हो."

"माझ्यापायी. त्यांना काय पाहिजे ते सांगून टाका की बाई. मी काय चोरी केलेली नाही. माझी परवानगी आहे म्हणा."

मला मोह झाला. नाही म्हणणार नाही. परवानगी मिळाल्यावर नियमही आडवा येत नव्हता. एक वाक्य खाली पोचलं असतं की खोल्या राहिल्या असत्या, गच्ची उघडली असती, नऊ जणींचं येणं-जाणं सुरू झालं असतं. पण काकींचा चेहरा मनाविरुद्ध काही देऊन टाकल्यासारखा दिसत होता.

"काकी, खोल्यांचं बाजूला ठेवा. हे बोलणं त्यांच्यापर्यंत जावं असं तुम्हाला वाटतं का?"

त्या खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीपाशी गेल्या.

"जावं," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या तोंडून नको. तुमच्याकडून कळलं तर त्यांना वाटंल, माझ्या बायकोला हे मला सांगता आलं नाही. मी सांगीन. जमंल तेव्हा."

"मग मीही नाही सांगणार."

"आणि खोल्या?"

"बघते दुसऱ्या."

आठवडाभर मी जागा बघत हिंडले. दोघांनी पाटीवरचं वाचून नको म्हणून सांगितलं. एका पतसंस्थेच्या वर चांगली खोली होती, पण तिथं आत यायचा रस्ता रांगेतून. शेवटी पिठाच्या गिरणीच्या मागे एक खोली मिळाली. दिवसभर चक्कीची घरघर आणि सगळीकडं पांढरी धूळ. पण दळणाचा डबा घेऊन कुणीही बाई कधीही येऊ शकत होती, आणि त्या घरघरीत शेजारच्यालाही काही ऐकू गेलं नसतं. मी हो म्हणून टाकलं.

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी, दुपारी, मी पुस्तकं खोक्यात भरत होते. खालचं दुकान जेवायला बंद होतं. अण्णा आले. या वेळी पेपर नव्हता. भरलेली खोकी बघून ते दारातच थांबले.

"म्हणजे तुम्ही खरंच निघालात."

"तुम्हीच सांगितलंत अण्णा."

"सांगितलं." ते आत आले आणि माझ्या खुर्च्या सोडून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. "मला वाटलं होतं, सांगाल. दोन दिवसांत नाही, चार दिवसांत. जागेसाठी माणूस सांगतो. मी रोज वाट बघत होतो, आज वरून निरोप येईल. नाही आला."

मी दोरीचा गुंडा हातातून खाली ठेवला.

"अडतीस वर्षं मी दुसऱ्याचं सोनं हातात घेत आलो," ते म्हणाले. "कुणाचं किती, कुणी कशासाठी मोडलं, कुणाची बायको काय विकून गेली, सगळं माहीत असायचं. एक शब्द कधी बाहेर नाही काढला. धंदाच त्याच्यावर चालतो. आणि तुम्हाला मात्र विचारायला आलो." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मी इथं बोललो तर ते खाली जाणार नाही?"

"नाही."

"हिरानं विचारलं तरी?"

"त्यांनी विचारलं तरी."

ते उठले, दार स्वतःच्या हातानं लावलं, आणि येऊन खुर्चीत बसले. त्यांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, पंख्याकडं बघितलं.

"मला त्या घरात कुठं बसायचं तेच कळंना झालंय बाई. सेलमला असताना रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर हेच घर यायचं. भिंत कुठली, खिडकी कुठं. एकदा घरी गेलो की असं बसीन, तसं बसीन. आता बसलोय, तर पाहुण्यासारखं बसलोय. पहिलं ताट मला. चांगली खुर्ची मला. शेजारच्या बायका स्वैपाकघरात बोलत असतात, मी गेलो की गप्प. चहा पाहिजे का म्हणून विचारतात. माझ्या घरात मला कुणी कामच सांगत नाही. म्हणून मग काहीतरी हलवत बसतो. कोठी हलवली. देव हलवले. तिचा चेहरा बघून कळतं मला, चुकलं. मग ते निस्तरायला आणखी काहीतरी हलवतो."

त्यातला एक शब्द मी आधीही ऐकला होता, आणि कुणाकडून ते आता सांगायला हरकत नाही. पाच आठवड्यांपूर्वी, त्याच खुर्चीत बसून हिराकाकी म्हणाल्या होत्या, "बाई, ते घरात पाहुण्यासारखे बसतात. मला बघवत नाही. त्यांना सांगावंसं वाटतं, पाय पसरून बसा, सगळं तुमच्याच कष्टाचं आहे. पण नवऱ्याशी बोलायची मला सवयच नाही हो. म्हणून सारखी ताटं वाढत बसते." हेच ते वाक्य, जे मी अण्णांना सांगितलं नव्हतं. शब्दसुद्धा तोच, पाहुण्यासारखे. दोघं एकाच घरात, माझ्या खोलीपासून वीस पायऱ्या खाली राहत होते, दोघांचं दुःख एकच होतं, ते फक्त मला माहीत होतं, आणि मला ते दोघांपैकी कुणालाही सांगायची सोय नव्हती. इतकी वर्षं हे काम केलं, त्या दुपारइतकं गप्प बसणं मला कधी जड गेलं नाही.

"हे काकींना बोललात कधी?" मी विचारलं.

"समोर बसून? नाही जमत. शब्दच येत नाहीत. लिहायला जमायचं मला. सेलमहून महिन्याला पत्र जायचं. त्यात तरी काय, तब्येत बरी आहे, पोरांना शाळेत पाठव. पण लिहिताना आणखी बरंच मनात यायचं. ते लिहायचं राहिलं."

"मग आता लिहा."

"एका घरात राहून?"

"पोस्टात टाका."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. ते उठले, दार उघडलं आणि खाली निघून गेले. खोल्यांबद्दल काहीच बोलले नाहीत. मी पुन्हा खोकी भरायला घेतली, कारण दुसरं काय करणार.

अक्षय तृतीयेच्या सकाळी मी टेम्पोवाल्याची वाट बघत जिन्यात उभी होते. पोस्टमन आला आणि मागच्या दाराशी जाऊन त्यानं हाक दिली, "हिराबाई जयसिंग निकम, पत्र." काकी ओले हात पुसत बाहेर आल्या. वरचं अक्षर बघितलं, उलटून बघितलं, पुन्हा सुलटं केलं. पोस्टमनला म्हणाल्या, "अहो, हे तर ह्यांचंच अक्षर आहे."

"असू शकतं," पोस्टमन म्हणाला. "शिक्का इथलाच आहे."

त्या पायरीवरच बसल्या आणि पत्र फोडलं. चार पानं होती. मी वर सरकले, पण जिना सोडून जाववेना. त्या एकदा वाचायला लागल्या, थांबल्या, पदर तोंडाशी नेला, पुन्हा वाचायला लागल्या. अण्णा घरात नव्हते, मुद्दामच कुठंतरी निघून गेलेले. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर काकींनी वर बघितलं. मी त्यांना दिसले.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं आंतरदेशीय पत्र असंल का एखादं?"

नव्हतं. पोस्टातून आणावं लागलं. टेम्पोवाला आला तेव्हा काकींनीच त्याला सांगितलं की सामान न्यायचं नाहीये, बाई इथंच राहणारायत. अण्णांना विचारायचं काय, असं मी म्हणाले, तर म्हणाल्या, "ते लिहीन मी पत्रात."

तो सगळा उन्हाळा आणि पुढचा पावसाळाभर त्या घरातून त्याच घरात पत्रं जात होती. पोस्टमनला आधी गंमत वाटली, मग सवय झाली. पत्राच्या दिवशी अण्णा दारात उभे राहायचे आणि काकी म्हणायच्या, "आज तुमचं आहे." तिकडं बोलणंही सुरू झालं, आधी पत्रात काय लिहिलंय त्याबद्दल, मग न लिहिलेल्याबद्दल. गच्चीचं कुलूप निघालं. कोठी जुन्या जागी गेली. देवघर मात्र पूर्वेलाच राहिलं, काकी म्हणाल्या तिथं उजेड बरा येतो. अण्णांच्या वाटणीला दळण, भाजी आणि दुपारचा चहा आला. चिंचेवर तडजोड झाली नाही.

काकी मंगळवारी यायच्या. अण्णा गुरुवारी यायला लागले. एकमेकांना ठाऊक होतं, पण दोघांपैकी कुणीही मला दुसऱ्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

हे सगळं माझ्या कपाटातच राहिलं असतं. पण दिवाळीत गलाईवाले गावाकडं येतात, तेव्हा त्यांचा मेळावा भरला. परगावात चाळीस वर्षांच्या आसपास काढलेल्या माणसांचा सत्कार होता, त्यात अण्णा. मंगल कार्यालयात चारपाचशे माणसं, पुढं पुरुष, मागं बायका. शाल-श्रीफळ झालं. दोन शब्द बोला म्हणाल्यावर अण्णांनी माइक धरला आणि ते आधी धंद्याबद्दल, भट्टीच्या धुराबद्दल, पोरांनी चष्मा लावून काम करावं याबद्दल बोलले. मग त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"आणखी एक सांगतो," ते म्हणाले. "तुम्ही सगळे एक दिवस कायमचे घरी याल. आल्यावर कळतं की घर बांधलं, पण घरात राहायला शिकलो नाही. मला नाही जमलं. मी आमच्या वरच्या मजल्यावर देवकरबाईंकडं जातो. दर गुरुवारी. बाजारपेठेतून, सगळ्यांच्या समोरून. माझं डोकं ठिकाणावर आहे. तरी जातो." खाली कुणीतरी हसलं. अण्णांनी तिकडं बघून मान डोलावली, जणू तेही ठीकच आहे. "पहिल्यांदा गेलो तेव्हा बाईंना माझ्या बायकोचं गुपित विचारायला गेलो होतो. त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांना जागा सोडायला सांगितली, तरी सांगितलं नाही. म्हणून मग मी माझं तिथं बोललो. काय बोललो ते बाईंनी आता सांगितलं तरी माझी ना नाही. तुम्हालाही बोलावंसं वाटलं तर जिना माहीत आहे."

ते खाली बसले. टाळ्या वाजायला जरा वेळ लागला, पुरुषांकडून तर फारच. पण बायकांमधून त्या आधी सुरू झाल्या, आणि मग थांबेनात.

मी मागच्या रांगेत हिराकाकींच्या शेजारी होते. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. "माझंही सांगितलंत तरी चालंल आता," त्या म्हणाल्या. "अर्धं त्यांनी सांगितलंच. उरलेलं मी सांगीन, नाहीतर तुम्ही सांगा."

पुढच्या आठवड्यात माझ्याकडं पहिल्यांदा तीन पुरुष आले. वर्षभरात आठवड्याचे सगळे दिवस भरले, मग मी एका मुलीला मदतीला घेतलं. ती आता तिकडं कडेगावला स्वतःचं चालवते. पिठाच्या गिरणीमागची ती खोलीही पुढं घेतलीच आम्ही, बायकांच्या बैठकीसाठी.

त्या दिवाळीनंतर काकी एका मंगळवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही मंगळवारी नाहीत. तिसऱ्या मंगळवारी आल्या त्या पायात नवी चप्पल घालून, चेहरा उन्हानं रापलेला.

"सेलमला गेलो होतो," त्या खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. "दोघंच. अडतीस वर्षं ते ज्या गावात राहिले ते गाव मी बघितलंच नव्हतं बाई. मीच म्हटलं, दाखवा."

"कसं आहे?"

"गाव काय, गावासारखं. त्यांनी खोली दाखवली. तिथं आता दुसरी माणसं राहतात, पण आत घेतलं त्यांनी, बसा म्हणाले. आपलं हे टेबल ठेवलं तर चालायला जागा उरणार नाही एवढी खोली. तिथं आठजण झोपायचे. कुशीवर वळायचं तर सगळ्यांना एकदम वळावं लागायचं. एकाला ताप आला की बाकीचे भट्टीशेजारी झोपायचे. तिथंच बसून ते मला पत्रं लिहायचे, म्हणे, गुडघ्यावर पाटी ठेवून. तब्येत बरी आहे म्हणून." त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "मी कधी विचारलंच नाही हो. आणि त्यांनी कधी सांगितलं नाही."

"आता?"

"आता विचारायला लागलेय," काकी म्हणाल्या. "येताना गाडीत चौदा तास बोलत होते. सातव्या वर्षापर्यंत आलोय."